वातीचं दूध

सूर्यभाननं कणगीमागं हात घातला आणि आधी मांजरीचं शेपूट हाताला लागलं. अंग ताठ झालं होतं. उंदरांसाठी परवा त्यानंच पिठाच्या गोळ्यांत औषध घालून ठेवलं होतं. दुष्काळात घरात उरलेली पायलीभर ज्वारी तेवढी वाचवायची होती. गोळी खाल्लेला उंदीर मांजरीनं धरला असणार. दोन दिवसांची तीन पिलं अजून तिच्या पोटाला चिकटून ओढत होती.

"अवं, चला की. हजेरी जाईल," छबूबाईनं दारातून हाक मारली. भाकरी बांधून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली होती.

"तू हो म्होरं."

"आन तुमी?"

सूर्यभाननं पिलं ओंजळीत घेतली. "ह्यांला बघतो."

छबूबाई दारातच थांबली. तीन लेकी झाल्या, तिन्ही नांदायला गेल्या. या माणसानं एकीलाही कधी मांडीवर घेतलं नव्हतं. "राही जलमली तवा सुईन तुमच्या हातात द्याया लागली, तर हात मागं घेतले हुते तुमी," ती म्हणाली.

"व्हय," सूर्यभान म्हणाला. आणि चुलीपाशी जाऊन बसला.

बैल चारा छावणीत होते. दारात एक शेळी तेवढी होती आणि ती जेमतेम वाटीभर दूध देत होती. त्या दिवसापासून घरातला चहा काळा झाला. सूर्यभान कापसाची वात वळायचा, कोमट दुधात बुडवायचा आणि एकेकाच्या तोंडात धरायचा. पिलं वात चोखायची. पौषातली थंडी होती, म्हणून तो त्यांना बंडीच्या आत पोटाशी घेऊन बसायचा.

शेजारचा आसाराम दारावरून जाताना हसला. "काय सूर्यभान, बाळंतपण कसं काय?"

"दूध पुरत न्हाई," सूर्यभान म्हणाला. चेष्टा त्याच्या कानात शिरलीच नव्हती.

पिलं सारखी रडत होती. पाजलं की थोडा वेळ गप्प, मग पुन्हा सुरू. त्याला वाटलं, भूक मोडत नाही. त्यानं आणखी पाजलं. तिसऱ्या दिवशी त्यांतलं बारकं पिलू टम्म फुगलं, पाय ताणून ओरडलं आणि दुपारपर्यंत गेलं. चौथ्या दिवशी सकाळी दुसरंही तसंच गेलं. राहिलं ते जरा दांडगं होतं. त्याचंही पोट तट्ट झालं होतं. ते रडतच होतं आणि सूर्यभान वात भिजवतच होता.

त्या दिवशी दवाखान्यातली रोझी नर्स आळीतल्या लेकरांना देवी टोचायला आली होती. ओट्यावर बसलेला म्हातारा आणि त्याच्या हातातलं पिलू पाहून ती थांबली.

"बघू, मामा." तिनं पिलाच्या पोटावरून बोट फिरवलं. "हे लघवी करतं का?"

"म्हंजी?"

"आपोआप होत नाही ह्यांना. मांजर पाजल्यावर चाटते ना खालून, तेव्हा होते. आई नसली की आपण कापसाच्या ओल्या बोळ्यानं पुसायचं. प्रत्येक वेळी."

 दुधाच्या वाटीशेजारी तांब्या होता, त्यात चुलीवरून आणलेलं पाणी अजून कोमट होतं. त्यात बोळा भिजवून ती पिलाच्या शेपटाखाली हलके हलके पुसत राहिली. आधी एक थेंब आला. मग धार लागली ती सूर्यभानच्या धोतरावर. पिलू सैल पडलं. चार दिवसांत पहिल्यांदा ते तोंडात वात नसताना गप्प झालं.

सूर्यभान धोतरावरच्या ओलीकडं बघत राहिला.

"म्हंजी ती दोघं भुकेनं रडत नव्हती."

 रोझीनं पिशवी उगाच उघडली आणि बंद केली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, मामा."

"समदा जलम गुरांत गेला, बाई. गाय वासराला चाटती ते रोज बघितलं. मला वाटायचं, माया करती."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जायला लागला. पिलू बंडीच्या आत, कंबरेला दुधाची बाटली, खिशात बोळा. तासा-दोन तासांनी हातोडा ठेवायचा, पाजायचा, पुसायचा. मुकादमानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून दुसरीकडं गेला. बाया आपापलं काम टाकून बघायला यायच्या. छबूबाई आलेल्या बायांना सांगायची, "पोट कसं मऊ हाय बघा." पिलू तीन दिवस छान प्यायलं.

चौथ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत त्यानं वात तोंडात धरली, तर पिलानं ती धरली नाही. त्यानं दूध ओठावर पिळलं. ते बाजूनं ओघळलं. त्यानं पुसलं, अंगावर फुंकर घातली, पिलू दोन्ही हातांत झाकून पोटाशी धरलं. छबूबाई भाकरी तशीच टाकून जवळ आली. थोड्या वेळानं त्यानं हात उघडले.

"गेलं?"

त्यानं मान डोलावली.

 मग तो पिलाच्या तोंडावरून अंगठा फिरवत म्हणाला, "सकाळीच डोळं उघडलं हुतं त्यानं. माज्याकडंच बघत हुतं, छबू. त्याला वाटलं आसंल, हीच आपली आई."

त्यानं पिलू पुन्हा बंडीच्या आत घेतलं.

सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. बाया-माणसं उठून आपापल्या ढिगाकडं गेली. मुकादमानं सूर्यभानच्या नावानं हाक दिली. छबूबाईनं त्याला उठवलं नाही. तिनं त्याचा हातोडा घेतला आणि त्याच्या ढिगावर जाऊन बसली.