बर्फावरून घसरले

कुकरची शिट्टी झाली आणि माझा फोन पाहत बसलेल्या संध्याताईंनी मान वर केली. नवऱ्याचा मार सोसून मी कॅनडाहून लेकीसह अकोल्याला माहेरी आले होते आणि मदतीसाठी तीन दारं फिरल्यावर या वकीलबाई भेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तक्रार इथंही होते, पण पुरावा लागते. सुजलेल्या डोळ्याचा फोटो तू आईले पाठवला अन् खाली लिहिलं काय? 'बर्फावरून घसरले.'" आई म्हणाली, "मले घोर लागन म्हणून लपवलं पोरीनं." "कोर्ट लिहिलेलंच वाचते ना, काकू. कोणी पाहिलं होतं काय?" "नवरा मारताना साक्षीदार बोलावतो काय, ताई?" मी वैतागले. "आचल तर झोपली होती." शेजारी चित्र रंगवणाऱ्या सहा वर्षांच्या आचलचा खडू थांबला. "आई, मी झोपले नव्हते. दाराआडून सगळं पाहिलं. तू बर्फावर नव्हती पडली. मी सांगू का वकीलकाकूंना?"