करंगळी

कौंटी क्लबचा इतिहास खेळाडूंच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करायचा, म्हणून हेदर म्हाताऱ्या यष्टिरक्षक क्लिफर्डकडे आली. सोबत वेगवान गोलंदाज नॉर्मन होता. दोघे पंधरा मोसम एकत्र खेळलेले.

"ओळखलंस का रे, खडूसा?" नॉर्मनने आशेने विचारलं.

"मैदानावर रोलर फिरवता ना तुम्ही?"

नॉर्मन कसंबसं हसला.

हेदरने क्लिफर्डची वाकडी करंगळी हातात घेतली. "ही कशी मोडली?"

"नॉर्मनच्या पहिल्याच षटकात. पोरगं नवं होतं. कळलं असतं तर घाबरून हळू टाकायला लागलं असतं. म्हणून गाडीच्या दारात चेमटली असं सांगितलं."

मग तो नॉर्मनकडे झुकून कुजबुजला, "त्याला सांगू नका हं. फार हळवा आहे तो."