गुरुवारचा फ्यूज

किल्ली फिरवली की इंजिन घरघरत होतं, पण पेटत नव्हतं. मेकॅनिकने तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि मागच्या सीटकडे कान लावला. टाकीतल्या पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी होती. आली नाही. बॅटरी ठणठणीत होती, पेट्रोल अर्धी टाकी होतं आणि उंदरांनीही काही कुरतडलेलं नव्हतं.

"काय रे, सापडलं का?" बाईंनी पायरीवरून विचारलं. "तीन गुरुवार झाले. सातवीत नदी डोंगरावर चढवायचास, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

"नकाशा उलटा धरला होता, बाई."

बाईंनी त्याला भूगोल शिकवला होता. आता त्या निवृत्त होत्या. गाडी त्यांची आणि चालवायच्याही त्याच. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान बसत. ते घड्याळजी. दुकान बंद करून वर्षं झाली, तरी डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्या खिशात असे. गाडीतलं त्यांना एवढंच कळे, की आपल्या बाजूचं दार कुठलं.

गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर निघे, गुरुवारी दुपारी, नातीला शाळेतून आणायला. त्या दिवशी मुलीला कामावरून सुटता येत नसे आणि शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती. इतर दिवशी अंगणात किल्ली फिरवली की ती पेटे, बंद मात्र नेमकी गुरुवारीच पडत होती. यंत्राला वार कळत नाही, एवढं मेकॅनिकला भूगोलात नापास होऊनही ठाऊक होतं.

पहिल्या गुरुवारी पंपाचा फ्यूज जळला होता. त्याने नवा बसवला आणि जळका बाईंच्या हातात ठेवला. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही त्याची पद्धत. मागून कोणी कुजबुजायला नको. जळका फ्यूज फेकण्यापलीकडे कशाच्या कामाचा नसतो, पण लोक जपून ठेवतात. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तोच फ्यूज गेलेला. त्याने सगळ्या वायरी तपासल्या. दोष कुठेच नव्हता, पण तोवर शाळा सुटून गेली होती. जळका पुन्हा परत दिला आणि नव्या फ्यूजवर, निव्वळ कुतूहल म्हणून, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला.

आज त्याने डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या झाकणाला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि थांबला. झाकणाला चार स्क्रू होते. चारींच्या खाचा उभ्या, एका रेषेत, बारा वाजल्यासारख्या. त्याने असे बसवले नव्हते. कुठलाच मेकॅनिक असे बसवत नाही. संध्याकाळपर्यंत आणखी चार गाड्या उरकायच्या असतात.

झाकण निघालं. आत जळका फ्यूज होता. त्यावर ठिपका नव्हता.

फ्यूज जळतो हे खरं. पण जळण्याआधी तो तोंड धुऊन घेत नाही.

एवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. "हा घे," म्हणत त्यांनी कप त्याच्या हाताच्या वीतभर डावीकडे धरला. तो सरकला. "मुलीला फोन करते. आज काही गाडी चालू होत नाही ना?"

"बघतो, बाई."

"बघ. पण उगीच घाई करू नकोस," असं म्हणून बाई आत गेल्या.

घड्याळजी गाडीच्या पलीकडे उभे होते. कुठल्यातरी झाडाकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

"काका, स्क्रू छान बसवलेत."

घड्याळजींनी झाड सोडलं. फाटकाच्या डाव्या खांबाला गाडीचा निळा रंग लागला होता आणि गाडीला खांबाचा पांढरा. ते त्या खांबाकडे बघत राहिले.

"हाताची सवय," ते म्हणाले. "पहिल्या गुरुवारी तू गाडी चालू करून दिलीस ना? बाहेर काढताना ही त्या खांबाला म्हणाली, 'अहो, जरा बाजूला व्हा की.' मी हिच्या शेजारी बसलो होतो."

मेकॅनिकला हसू आलं होतं. घड्याळजींचा चेहरा बघून त्याने ते चहाबरोबर गिळलं.

"मागच्या सीटवर पोर असते रे. पण हिला सांगू कसं? एकोणचाळीस वर्षांत हिच्या गाडी चालवण्यावर मी चकार शब्द काढलेला नाही. संसार त्यावर उभा आहे. हिला कळू देऊ नकोस."

आतून बाईंचा आवाज आला, "मला काय होतंय गं? मी धडधाकट आहे. गाडीच अडून बसलीय. तू आपली शाळेची व्हॅनच लाव. नाही, नाही, आता कायमचीच लाव."

मेकॅनिकने झाकण हातात फिरवलं. एक गोष्ट त्याला अजून बसवता येत नव्हती.

"पण काका, इथे अठरा फ्यूज आहेत. तुम्हाला गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. नेमका हाच कसा सापडला?"

"त्यात काय अवघड?" घड्याळजींना प्रश्न जरा अपमानाचा वाटला. "गाडीबरोबर पुस्तक आलेलं असतं की. खांबाचं झालं, त्याच संध्याकाळी हिने काढलं. अक्षर बारीक आहे, तुम्हीच वाचा म्हणाली. पान त्रेपन्न, कुठला फ्यूज कशाचा ते. दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून."

"आणि जळका फ्यूज?"

"तोही हिनेच दिला." घड्याळजींनी खिशातून सुट्या भागांची पत्र्याची डबी काढून उघडली. बारीक चाकांमध्ये ठिपक्याचा चांगला फ्यूज काढून ठेवलेला होता. "म्हणाली, जळका असू द्या तुमच्या डबीत. कधी लागला तर."