पांढरा पडलेला ओठ

ओठ भरदार दिसावेत म्हणून पार्लरमध्ये फिलर टोचून घेऊन आलेली सून मास्क लावूनच स्वयंपाकाला लागली. सासूबाईंनी तो खाली ओढला. वरचा ओठ एका बाजूने पांढराफटक पडला होता. “सूज आहे, उतरेल,” सून पुटपुटली. “दुखतंय?” “जीव जातोय, आई. पण ह्यांना सांगू नका.” सासूबाईंनी गॅस बंद केला आणि तिला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून पाहिला. “फिलरमुळे रक्तवाहिनी तुंबलीय. सकाळपर्यंत थांबला असतात तर ओठ सडायला लागला असता. फिलर विरघळवणारं इंजेक्शन देते.” सुनेने डोळे घट्ट मिटले, सासूबाई मात्र ओठाकडे टक लावून बसल्या. हळूहळू गुलाबी रंग परतला. सुनेला रडू फुटलं. “आई, रागवा ना!” “रागावणार तर आहेच,” तिचे डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. “आधी ओठ बरा होऊ दे. तुला उलट बोलता यायला हवं ना!”