पहिला गिअर
क्लॅरीच्या एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरने तीस वर्षं म्युरिएलचं वाळत घातलेलं धुणं काजळीने काळं केलं होतं. "विकून टाक ही ब्याद," ती नवऱ्याला रोज सुनावायची. गुडघे गेल्यावर त्याने अखेर ऐकलं. मॅलीच्या कोरड्या मुलखातल्या त्यांच्या शेतावर गिऱ्हाईक आलं. ट्रॅक्टर चढवून न्यायला त्याने ट्रॅक्टरच्या समोर ट्रक लावला. क्लॅरीने बत्तीच्या ज्वाळेने इंजिन तापवलं, चाकाला हिसडा देऊन सुरू केलं आणि मडगार्डवरून हात फिरवला. "थंडीत कुरकुरतो, रागावू नका," तो म्हणाला. धडधड ऐकून म्युरिएलने कान टवकारले. हे इंजिन कधीकधी उलटंच फिरे. मग पहिल्या गिअरमध्येही ट्रॅक्टर मागेच पळे. आज तोच उलटा ताल लागला होता. गिऱ्हाईक ऐटीत ट्रॅक्टरवर चढलं. "निघतो बाई, सुटलात एकदाच्या!" "सावकाश जा हं," म्युरिएल गोड हसून म्हणाली आणि ट्रॅक्टरमागच्या शेडचं दार तिने सताड उघडलं.