पंखावरचा गोल

“मग तुमी डोळं झाकून पडला व्हता का?” हातातला कुंचला आपटून सोपान ओरडला.

ज्योतीराम नानांनी तोंड फिरवलं. समोर पाटावर शिवणीच्या लाकडाचं, हातभर लांब विमान होतं. इटलीचं लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धात, आफ्रिकेतल्या केरेनच्या डोंगरात असल्याच विमानानं सोपानच्या थोरल्या भावाला, चिमाजीला, गोळ्या घातल्या होत्या. नाना तेव्हा त्याच पलटणीत, त्याच्या शेजारी होते. गावात, रावेतला, ही हकीगत त्यांनीच येऊन सांगितली होती.

यंदाच्या शिमग्याला, साऱ्या गावादेखत, हे विमान होळीत टाकायचं असं सोपाननं ठरवलं होतं. पण भलतंच विमान जाळून त्याचा राग निवणार नव्हता. पिंपरीच्या कारखान्यात सुतारकाम करून सुटला, की तो सायकल हाणत खडकीच्या जुन्या बाजारात जायचा आणि लढाईच्या काळातली मासिकं धुंडाळायचा. शेपटीवरचा पांढरा क्रूस सापडला. पंखावरचा गोल आणि त्यातल्या कुऱ्हाड बांधलेल्या काठ्यांच्या मोळ्याही सापडल्या. मात्र एका चित्रात गोल पांढरा होता, तर दुसऱ्यात त्याला नुसतीच काळी कड. खरं काय ते सांगू शकेल असा गावात एकच माणूस होता, आणि तो महिनाभर टाळाटाळ करत होता.

“डोक्यावरनं गेलं तवा दिसलं असंलच की! गोल पांढरा व्हता का न्हाई, येवढंच इचारतोय.”

“न्हाई आठवत.”

“आठवत न्हाई का बघितलंच न्हाई? माझा भाऊ मरत व्हता, आन् तुमी मातीत तोंड खुपसून पडला व्हता! भित्रं कुठलं!”

नाना ताडकन उठले. त्यांनी विमान उचललं आणि पंखावरचा ओला रंग अंगठ्यानं खसाखसा पुसून काढला.

“चिमाजीनं खुपसलं असतं तोंड, तर त्यो आज हितं बसला असता!” त्यांचा आवाज चिरकला. “तुज्या म्हाताऱ्या आईला काय सांगणार व्हतो मी? ह्ये त्ये विमान न्हवंच. त्याच्या पंखाखाली तांबडा, पांढरा, निळा गोल व्हता.”

तो गोल सोपाननं मासिकांत पानोपानी पाहिला होता.

“त्यो तर इंग्रजांचा,” तो कसाबसा म्हणाला. “आपल्याच बाजूचा.”

“व्हय. त्यो गोल वळखूनच चिमाजी खडकाआडनं बाहेर आला, आन् टोपी काढून हलवाय लागला.”