न पचलेला घास

"वडिलांचं नाव तेवढं काढून टाक," अध्यक्ष म्हणाले.

सभागृहाला लागून असलेल्या अरुंद खोलीत ती स्लाइड्स नीट लावत होती. अध्यक्ष तिच्या वडिलांचे जुने मित्र, त्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं. ते तिच्या भल्याचंच सांगत होते. पानाच्या पेशीतले हिरवे कण कधीकाळी स्वतंत्र जीव होते, हे आज ती पुराव्यानिशी मांडणार होती. तिच्या वडिलांनी हेच याच व्यासपीठावरून सांगितलं होतं, पण तेव्हा त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि नजर याशिवाय काही नव्हतं. सभेने त्यांची अशी टर उडवली की पुढे त्यांनी एक ओळ छापली नाही. ते नाव पडद्यावर आलं की लोक कान बंद करतील, असं अध्यक्षांचं म्हणणं. शिवाय तिची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ती कायम करणारे झाडून सगळे पहिल्या बाकावर होते.

"बाबा आलेत, काका," ती म्हणाली. "मागे बसलेत."

"म्हणून तर सांगतोय. त्याला पुन्हा तेच हसू ऐकायला लावू नकोस."

नोकरीच्या धाकाला तिने भीक घातली नसती. हे मात्र वर्मी लागलं. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा शेवटच्या बाकावर, दाराशेजारी, कोटाची सगळी बटणं लावून बसले होते. घशाचं निमित्त करून ते सकाळी यायला तयार नव्हते; मग तिच्याआधी दाढी करून, बूट घालून उभे राहिले होते.

तिने बाबांच्या नावाची स्लाइड उचलली आणि सगळ्यांत पहिली लावली.

पडद्यावर पेन्सिलीने काढलेली एक पेशी उमटली. आत हिरवे कण, खाली सही.

"हे चित्र माझं नाही, आणि ही कल्पनाही माझी नाही," ती म्हणाली आणि तिने वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. "मी त्यांची मुलगी."

पहिल्या बाकावर कुजबुज झाली. पाठ्यपुस्तकं लिहिणारे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "अजून तेच? पानात भाडेकरू राहतात म्हणे. भाडं काय देतात?" हसू मागच्या बाकांपर्यंत पसरलं.

तिने ते ओसरू दिलं.

"साखर देतात," ती म्हणाली. "तुम्ही आज सकाळी जे खाऊन आलात, ते त्या भाड्यातलंच."

आता कुणी हसलं नाही. ती सांगत गेली. एका पेशीने दुसरीला गिळलं, पण पचवलं नाही. गिळलेलीही मेली नाही, आतच नांदू लागली. या कणांना स्वतःची वेगळी जनुकं आहेत आणि ती झाडाच्या जनुकांशी जुळत नाहीत. डबक्यातल्या हिरव्या-निळ्या जिवाणूंशी जुळतात. तिने दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी दाखवले. "बळी तो कान पिळी, असं आपण शिकवतो," ती म्हणाली. "ते खोटं नाही. पण तेवढ्यावर एक हिरवं पानसुद्धा उगवलं नसतं."

तेवढ्यात मागे बाक करकरला. बाबा उठले होते.

दार त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. काका म्हणत होते तेच खरं, असं तिला वाटलं; म्हाताऱ्या माणसाला आपण चारचौघांत पुन्हा उभं केलं.

बाबा दाराकडे वळले नाहीत. काठी टेकत ते मधल्या वाटेने खाली येऊ लागले. कुणी वाट करून दिली, कुणी नजर चुकवली. पहिल्या बाकापाशी आल्यावर ते त्या पाठ्यपुस्तकवाल्या गृहस्थांसमोर उभे राहिले.

"थोडं सरका," ते म्हणाले. "मागे नीट ऐकू येत नाही."